सावधान! पुढे वळण आहे

रस्ता सुरक्षेचा आठवडा आहे म्हणे. म्हणून तुमच्या बाईंनी मला घरातून उठवून आणलं. पाय ठणकतोय, चहा अर्धा राहिला. तरी सांगतो. मधे कुणी खोकू नका.

एका जंगलात सिंहाचं सैन्य होतं. लढाईत कुणी मरत नव्हतं, कारण लढाईच होत नव्हती. पण सुटीवर गेलेला जवान नवी मोटारसायकल घ्यायचा आणि चौथ्या दिवशी झाडाला जाऊन भिडायचा. सिंह वैतागला. म्हणाला, "मोटारसायकलीची परीक्षा पास झाल्याशिवाय कुणाला सुटी नाही."

शिकवायला कासवाला उस्ताद नेमलं. त्याला जन्मात एकदाही अपघात झाला नव्हता.

पहिला नंबर तुळाजी रानडुकराचा. गावाकडं त्याच्या बायकोला सहा पिल्लं झाली होती. रानडुकराच्या पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात. चार-पाच महिन्यांत पुसून जातात. तीन महिने सरले होते. तुळाजीला ते पट्टे बघायचे होते, बाकी काही नको.

"उस्ताद, मला येते चालवता. लवकर परीक्षा घ्या. पट्टे चाललेत."

"कसले पट्टे? आधी हेल्मेटचा पट्टा बांध."

दोन दिवस तोच पट्टा बांधणं-सोडणं. तिसऱ्या दिवशी परीक्षा. ओढ्याजवळच्या वळणावर कासवानं स्वतःच्या हातानं फलक लावला. 'सावधान! पुढे वळण आहे.'

तुळाजी झकास निघाला. वेग बेताचा. वळण आलं, फलक दिसला. त्यानं पहिला शब्द वाचला.

आता आठ वर्षं रोज सकाळी मैदानात 'सावधान' म्हटलं की ताठ होणारा गडी. तो काय करणार? मान ताठ. छाती पुढं. दोन्ही हात हँडल सोडून मांड्यांना चिकटले. मोटारसायकल सरळ ओढ्यात.

सिंहानं चौकशी केली. "पडताना हलला का?"

"नाही महाराज. पाण्यात जाईस्तोवर नजर समोर."

"शाबास!"

कासवाला बिल्ला मिळाला. फलकही बदलला. 'विश्राम! पुढे वळण आहे.' दुसऱ्या जवानानं वाचलं, पाय फाकवले, दोन्ही हात पाठीमागं नेले. तोही ओढ्यात.

तुळाजी परीक्षेत नापास. पाय मोडलेला. तीन महिने दवाखान्यात, मग लंगडा म्हणून सैन्यातून कायमची सुटी.

घरी पोचला. सहा पिल्लं धावत आली. सगळी मातकट. एकाच्याही अंगावर पट्टा नाही.

बायको पायाकडं बघून म्हणाली, "लग्नात भटजी सावधान म्हणाला, तेव्हाही तुम्ही असेच ताठ झाला होतात. तेव्हाच कळायला हवं होतं मला."

तात्पर्य: मुलांनो, हेल्मेट जरूर घाला. डोकं नव्यासारखं राहतं. वापरलं नसेल तर फारच नवं राहतं.

आणि कासवाचं खरं नाव पाहिजे तर लिहून घ्या. सुभेदार यशवंत ढोकणे. अजून माफी मागितलेली नाही त्यानं.