भैय्याजींचं बेट

"दोन मिनिटात डोमाची कादंबरी उताणी पाडतो! तिसरं मिनिट लागलं तर मिशी काढीन!" असं कोंढ्याचे भैय्याजी त्या रविवारी सकाळी आरशाला म्हणाले. आरशाने हरकत घेतली नाही, आणि घरात दुसरं कोणी ऐकायला नव्हतं. नाहीतर मिशी गेली असती.

डोमाजी म्हणजे भैय्याजींचे साडू, पत्नी शकुनबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. लाखनीला हमरस्त्यावर त्यांचं ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान. जन्मभर नटबोल्ट विकलेल्या या माणसाने एकाएकी 'काळ्या डोहातलं बेट' नावाची चारशे पानांची भुताची कादंबरी लिहिली, ती छापून आली आणि लोकांनी ती वाचलीसुद्धा! इथपर्यंत भैय्याजींनी कसंबसं सोसलं. पण आपण बावीस वर्षं गावच्या मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, दरसाल एक नाटक लिहितो, त्याची चोपडी आजवर कोणी छापली नाही, हे त्यांना कसं विसरता येणार? शेजारी पुढे गेला तर माणूस दार लावून घेतो. साडू पुढे गेला की बायकोच्या नजरेला कुठलं दार लावणार?

त्यात भर म्हणजे कादंबरीचं पारायण सुरू झालं, आणि तेही भैय्याजींच्याच ओसरीवर! एवढं जाड पुस्तक एकटीने वाचायला भीती वाटते, असं भजनी मंडळाच्या मंदाबाईंचं म्हणणं पडलं. मग रोज दुपारी दोनला पोथीसारखा पाट मांडायचा, उदबत्ती लावायची, मंदाबाईंनी एक अध्याय वाचायचा, बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचा आणि शेवटी साखर वाटायची. भूत पुस्तकाबाहेर येऊ नये म्हणून उदबत्ती मुद्दाम दोन काड्यांची.

भैय्याजी आतल्या खाटेवर तोंडावर पेपर घेऊन झोपायचे, म्हणजे कान दाराला लावून पडायचे. गोष्ट होती नदीतल्या बेटावरच्या एका घराची. चार भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. आजी पाण्याशी बोलते. मेलेला आजा रोज जेवणाच्या वेळी येऊन आपल्या पाटावर बसतो, आणि त्याला वाढायचं नाही असं म्हणायची कोणाची छाती होत नाही. आजा पहिल्यांदा आला त्या दिवशी भैय्याजींनी न्हाणीचं दार उघडं ठेवून आंघोळ केली.

"माह्या नाटकाले कोनी असा पाट मांडला का कधी?" त्यांनी शकुनबाईंना विचारलं.

"काहून जी, जळून राहिले का?"

"मी कायले जळू? धूर उदबत्तीचा होय!"

आणि मग एके दुपारी ते खाटेवर ताडकन उठून बसले. मंदाबाई वाचत होत्या, "पूर चढला, टेकडीला पाण्याने वेढा घातला, तरी आजा मचाणावरून उतरेना..." अरे! हा तर आपला आजा! वैनगंगेच्या काठी आपल्या शेतातली टेकडी, पूर आला की तिचं होणारं बेट, आंब्याच्या झाडाच्या भांडणावरून तीस वर्षं न बोलणारे आजा आणि त्याचे भाऊ! एका लग्नाच्या पंगतीत आपणच हे सगळं डोमाला सांगितलं होतं. भैय्याजींना एकदम हलकं वाटलं. म्हणजे कादंबरी आपलीच, डोमाने नुसती लिहिली!

दुसऱ्या दिवशी शेवटचा अध्याय होता. पण शकुनबाईंनी त्यांना साक्षगंधाच्या खरेदीला पवनीला पिटाळलं. परत आले तेव्हा समाप्ती होऊन गेली होती. बायका खिरीच्या वाट्या तशाच हातात धरून बसल्या होत्या. शेवट काय झाला हे विचारावं, तर आपण रोज चोरून ऐकत होतो हे कबूल करावं लागणार! भैय्याजींनी दोन वाट्या खीर खाल्ली आणि विचारलं नाही. विचारलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

साक्षगंध म्हणजे साखरपुडा, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, दामिनीचा. तुमसरचे राइस मिलवाले बाबूलाल यांचा मुलगा राजकुमार दामिनीने पाहिला आणि त्या दिवसापासून पोरीचा फोन चार्जिंगवरून निघेना! स्थळ आणलं होतं डोमाजींनीच. म्हणून लाखनीच्या वाचनालयात डोमाजींचा सत्कार ठरला तेव्हा बाबूलाल आणि त्यांच्या पत्नी ताराबाई यांना अगत्याचं बोलावणं गेलं. दोघं पहिल्या रांगेत बसले होते. दोघांनी कादंबरी वाचली होती. शेवटासकट.

त्या रविवारी सत्कार झाला. डोमाजी शाल सावरत म्हणाले, "लिहिता लिहिता मीच भेलो जी!" टाळ्यांचा कडकडाट! अध्यक्ष टिकाराम गुरुजींनी विचारलं, "कोनाले दोन शब्द बोलाचे हायेत का?"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माइक भैय्याजींच्या हातात होता.

"हे बेट माह्यं हाय!"

लोकांना वाटलं, कौतुक चाललंय. पुन्हा टाळ्या.

"टाळ्या नोका वाजवू! आजा माह्या, भाऊ माह्या घरचे, टेकडी माह्या वावरातली! हे घरानंच माह्यं हाय, अन साडूभाऊनं ते पंगतीतून उचललं!"

डोमाजी दोन्ही हातांनी 'बसा, बसा' करू लागले. चोर घाबरला, असं समजून भैय्याजींना आणखी चेव आला.

"म्हंजे मेलेला आजा खरंच जेवाले येत होता?" टिकाराम गुरुजींनी विचारलं.

आता मागे कसं फिरायचं? "येत होता म्हंजे? रोज! दोन डाव भात वाढून घेत होता!"

"अन पान्यासंग बोलनारी आजी?"

"ते तं आमच्या घरात सगळ्याच बायाइले येते!"

शकुनबाईंनी पदर तोंडावर ओढला. पहिल्या रांगेतून ताराबाई हळूच उठल्या.

"सगळ्याच? पोरीले बी?"

"पोरीले तं लहानपनापासून!"

दामिनीने कपाळाला हात लावला. बाबूलाल मात्र शांतपणे म्हणाले, "भैय्याजी, सच सांगा. शेवटचा पाठ बी तुमच्याच घरचा हाय का?"

"शेवटचा तं खास आमचा! त्याच्यातलं एक अक्षर यानं बदलवलं नाई!"

सभागृहात असा शुकशुकाट पसरला की भैय्याजींनी माइक बंद पडला म्हणून त्यावर टिचकी मारून पाहिली. तेवढ्यात शकुनबाई मंचावर चढल्या आणि त्यांच्या कानाशी लागल्या.

"अजी, शेवटच्या पाठात घरचे जावई बुडतेत!"

"कोनते?"

"सगळे! एकेक करून. पोरी डोंगा वल्हवतेत, अन आजी पान्यातून हात धरून ओढते. धाकटा तं अंगावरच्या हळदीसकट गेला!"

खाली ताराबाई नवऱ्याला म्हणत होत्या, "उठा जी. राजकुमार एकच हाय आपल्याले." त्या दाराजवळ चपला शोधू लागल्या. दामिनीने बापाकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. बावीस नाटकांत भैय्याजींनी रडणाऱ्या पोरी पानापानावर लिहिल्या होत्या. पण ही त्यांची स्वतःची होती, आणि ते त्यांना पाहवेना.

"थांबा जी ताराबाई!" ते माइकमध्ये ओरडले. "सगळं खोटं हाय! मी पुस्तक वाचलंच नाई! दाराआडून ऐकलं, ते बी शेवट सोडून! आमचा आजा मेल्यावर एकदा बी जेवाले आला नाई. जित्ता होता तवा पूर आला का सगळ्याइच्या पहिले डोंग्यात तोच बसे!"

"मंग बोलले कायले?" बाबूलाल म्हणाले.

आता आली खरी अडचण. भैय्याजींनी माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"जळलो जी! बावीस नाटकं लिहिली, एकाले कोनी उदबत्ती लावली नाई. अन याच्या पुस्तकाले माह्याच घरात लागली! हे बेट याच्याच डोक्यातलं हाय. अन... लिहिलं बी... लय चांगलं हाय!"

बाबूलाल आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. "भर सभेत जळलो म्हननारा मानूस पहिल्यांदा पाह्यला! याच्या घरात भूत टिकते का व तारा?"

ताराबाईंनी एक पाय चपलेतून बाहेर काढला. "साक्षगंध होईन ठरल्या दिवशी. पर एक ध्यानात ठेवा, वरात सडकेनं येईन. नदीचं नावच काढाचं नाई!"

डोमाजींनी अंगावरची शाल काढून भैय्याजींना पांघरली. डोळे पुसत म्हणाले, "साडूभाऊ, दुसऱ्या आवृत्तीच्या मागं तुमचंच वाक्य छापतो. 'लय चांगलं हाय.' खाली तुमचं नाव!"

"नावापुढं नाटककार लिहिजो," भैय्याजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शकुनबाई दूध चुलीवर ठेवून शेजारी गेल्या. जाताना भैय्याजींना लक्ष ठेवायला सांगून गेल्या. भैय्याजींनी कादंबरी आणि लाल पेन घेतला. निदान शंभर चुका काढायच्याच! पहिल्या पानावर दोन खुणा झाल्या, दुसऱ्यावर एक. मग त्यांनी थेट न ऐकलेला शेवटचा अध्याय उघडला, आणि पेन कुठे गेला कोण जाणे.

शकुनबाई परत आल्या तेव्हा दूध उतू जाऊन चूल विझली होती आणि घरभर जळका वास सुटला होता.

"अजी! दूध गेलं न सगळं!"

"काई दम नाई व या कादंबरीत," भैय्याजी पानात बोट घालून म्हणाले.

"मंग ठेवा खाली!"

"थांब न जरा! धाकटा जावई आताच डोंग्यात पाय ठेवून राहिला!"