परबमामांची रविवारची मासळी

रविवारी सकाळी आमच्या चाळीत कोणाचीही मासळी परस्पर चुलीवर चढत नसे. आधी ती परबमामांसमोर हजर व्हायची. गॅलरीच्या टोकाला ओला पेपर पसरून मामा विळीवर बसलेले असत आणि भोवती चाळीतली झाडून सगळी पोरं. मामा मासा चिरत, पोरं आत डोकावत, आणि आम्ही बायका वाटण तयार ठेवून, आपला बांगडा कधी सुटतोय याची वाट बघत दारात उभ्या असायचो.

ऐंशीच्या दशकातली, भांडुपच्या टेकडीवरची ही आमची चाळ. मामा मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर ते एका कारखान्यात रखवालदार झाले होते. चार गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचे. बायको आणि मुलगी शुभा गावाला. दर मे महिन्यात गावाहून परतले की सांगायचे, पुढच्या वर्षी शुभाला इथेच आणतो, शाळेत घालतो. पण पाच माणसांच्या त्या खोलीत सहावी वळकटी कुठे पसरणार, हे आम्हाला कळत होतं आणि त्यांनाही.

मासळीचं हे खूळ सुरू झालं ते कांबळ्यांच्या संगीतामुळे. ती म्युनिसिपाल्टीच्या शाळेत जायची. एकदा जिन्यात बसून ती माशाचे अवयव घोकत होती. कल्ला म्हणजे काय गो, असं मामांनी विचारलं. ती म्हणाली, शाळेत तक्ता आहे, त्यावर लाल रंगाचा असतो. मामा अस्वस्थ झाले. आमच्याकडे येऊन म्हणाले, "मासो घरात येता, आनि पोरां भिंतीवरचो बगतत?"

पुढच्याच रविवारी त्यांनी जाहीर केलं, सगळ्यांची मासळी मी साफ करून देतो, फक्त आधी पोरं बघणार. फुकटात मासे साफ होतायत म्हटल्यावर आम्ही लगेच हो म्हणालो. आपण काय कबूल केलंय ते नंतर कळलं.

कारण मामांना स्वतःला काही ठाऊक नव्हतं. पोरांनी काहीही विचारलं की उत्तर एकच: "माका काय म्हायत? चल, बगूया." माशाला कान असतात का? बगूया. जीभ असते का? बगूया. या बगूयात दुपारचा एक वाजायचा. एकदा आमच्या ह्यांनी आतून विचारलं, आज जेवण आहे की पोस्टमॉर्टेम? मामांनी त्यांनाच बाहेर बोलावलं आणि माशाच्या डोळ्यातून काढलेला काचेसारखा मणी खालच्या पेपरवर ठेवला. मण्याखालचं अक्षर मोठं दिसत होतं. मग काय, आमचे साहेब मांडी घालून तिथेच बसले, आणि जेवायला हाका मी मारत राहिले.

चुकाही झकास व्हायच्या. ढोमा नावाच्या माशाच्या पोटात फुगलेली पिशवी निघाली तेव्हा मामांनी निदान केलं की याला गॅस झालाय. संगीताने शाळेत बाईंना विचारलं. ती हवेची पिशवी असते, तिच्यामुळे मासा तरंगतो, असं कळलं. त्या संध्याकाळी मामा दारोदार फिरून सांगत होते की माझं चुकलं, तो गॅस नव्हता. जोशीआजींनाही सांगितलं. त्या बिचाऱ्या कांदासुद्धा न खाणाऱ्या, त्यांना कसला गॅस तेच कळेना.

या आजींचा नातू लांबून टाचा उंच करून बघायचा. त्याला जवळ यायची बंदी होती. मामा आजींशी वाद घालायला गेले नाहीत. पुढच्या रविवारी आंघोळ करून, केळफूल घेऊन त्यांच्या उंबऱ्याशी बसले आणि नातवासमोर एकेक पाकळी सोडवत गेले. आतली इवलीशी केळी मोजताना आजीच पुढे सरकल्या. मी मामांना म्हटलं, कशाला एवढा खटाटोप? ते म्हणाले, "कोन भायर रवाक नको." कोणी बाहेर राहू नये, हे तेव्हा मला नुसतं ऐकायला बरं वाटलं होतं.

शुभा आली ती एकदम लग्नाची होऊन. स्थळ बघायला मुलुंडला जायचं होतं. ती चार दिवस आमच्याकडे राहिली. त्या रविवारी मामांनी कोळणीकडून सगळ्यात मोठा बांगडा निवडून घेतला, पेपर दोनदा पसरला आणि स्वतः येऊन शुभाला बोलावलं. पोरं जमली होतीच. शुभा आली, पदर खोचला आणि म्हणाली, "सरा बाबा, मी करतंय." मामा काही बोलायच्या आत ती विळीवर बसली. एका हाताने कल्ले उपटले, पोट साफ केलं, सगळी घाण बाजूला सारली. बघता बघता बांगडा धुऊन मोकळा.

"मामा, आम्ही काहीच नाही बघितलं," संगीता म्हणाली.

शुभाने विचारलं, काय बघायचं होतं? मग पोरांनी एकदमच सांगायला सुरुवात केली, मामा दर रविवारी कसे मासा उघडून दाखवतात, डोळा, काळीज, सगळं. शुभा ऐकत राहिली. मग विळीवरून न उठताच म्हणाली, "बाबा, माका नाय कधी दाखवलात."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मामांनी आणलेला दुसरा, लहान बांगडा पिशवीतच होता. तो काढून त्यांनी पेपरवर ठेवला आणि नुसता हात पोरांच्या रांगेकडे केला. शुभा उठली, हात धुतले, आणि संगीताच्या शेजारी जाऊन बसली. सगळ्या पोरांपेक्षा दीड हात उंच.

मामांनी विळी संगीतापुढे सरकवली, म्हणून मासा तिनेच उघडला. "हा बघ ताई, हा कल्ला. मासा यानेच श्वास घेतो," ती सांगू लागली. आयुष्यभर मासे साफ केलेली शुभा वाकून, नीट निरखून बघत होती. पोरंही बघत होती. मीही बघत होते. एकटे मामा तेवढे माशाकडे बघत नव्हते.