आतघ्या साहेबांचा सत्कार

लग्नाच्या पंगतीत चौगुलेसाहेब शेजारी येऊन बसले की मी माझी पत्रावळ आपणहून थोडी सरकवून घेत असे. नाहीतर वाढप्यानं भात घातला रे घातला की कानाशी आवाज यायचाच, "देसाई, जरा आत घ्या."

हे त्यांचं वाक्य. वाटेत सायकल लावणाऱ्याला ते हेच म्हणत, दारात पसरलेल्या कुत्र्याला हेच म्हणत, आणि कुत्रंही उठून आत जात असे. एकदा कुणाच्या तरी साखरपुड्यात मांडवाच्या दाराशी एक चांगले भरदार पाहुणे उभे होते. चौगुलेसाहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "पोट जरा आत घ्या. मागनं लोकास्नी जायचं हाय." ते मुलीचे सासरे निघाले. साखरपुडा मोडता मोडता राहिला.

त्यांच्या घरीही सुटका नव्हती. दिवाळीत सुमनवहिनींनी दारात मोठी रांगोळी काढली. साहेब स्कूटर लावून आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"मोर लई झ्याक झालाय."

वहिनी खूश झाल्या.

"पण पिसारा रस्त्यात गेलाय. जरा आत घे."

"लक्ष्मी रस्त्यानं येती," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या हापिसातनं न्हाय."

चौगुलेसाहेब कोल्हापुरात आमच्या महापालिका कचेरीतल्या अतिक्रमण पथकाचे प्रमुख होते. मी आवक-जावकला, म्हणजे आलेली टपालं घ्यायची आणि जाणारी सोडायची. आमची घरं एकाच गल्लीत, त्यामुळे त्यांच्या स्कूटरच्या मागे बसून माझी कितीतरी वर्षं गेली. रस्त्यानं जाताना लोक मला ओळख द्यायचे आणि साहेबांना बघून ताडपत्री गुंडाळायचे. शहरातले सगळे गाडेवाले, फेरीवाले त्यांना पाठीमागे 'आतघ्या' म्हणत. "आतघ्या आलाऽऽ" अशी आरोळी चौकातून उठली की गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचायची, टेलिफोनपेक्षा लवकर. साहेबांना नाव ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "बरं हाय की. आरडत्यात म्हणून आवरत्यात. आमचं निम्मं काम हुतं."

त्यांची काम करायची रीत वेगळीच. ज्या रस्त्यावर पथक जायचं असेल तिथं आदल्या दिवशी ते एकटेच जात आणि प्रत्येक गाड्यापुढे उभं राहून वसकन ओरडत, "उद्या ट्रक येणार हाय! मी सांगितलं न्हाय म्हणू नगंस!" कायद्यानं नोटीस दिली की पुरे होतं. पण साहेबांचं म्हणणं, कागद माणूस खिशात घालतो, ओरडणं डोक्यात राहतं. एकदा वड्याच्या गाड्यापाशी ट्रक उभा राहिला तेव्हा कढईत वडे सोडलेले होते. पथकातली माणसं पुढं सरसावली. साहेबांनी हात आडवा घातला. "थांबा रं. घाणा निघू दे. तळत्याला हात लावायचा न्हाय." ट्रक, पथक, बंदोबस्ताला आलेले दोन हवालदार, सगळे वडे लाल व्हायची वाट बघत उभे. वडे निघाले, गिऱ्हाइकांनी नेले, तेल निवालं, मग गाडा उचलला. वडेवाला शिव्या देत होता, पण त्याही जरा खालच्या आवाजात.

ज्या वर्षी सत्कार झाला त्या वर्षी कापडवाल्यांच्या एका अरुंद बोळाचं प्रकरण झालं. दोन्ही बाजूंनी दुकानांचे कट्टे, छपऱ्या, बाहेर टांगलेल्या साड्या. माणसाला अंग चोरून जावं लागे. साहेब रोज जाऊन ओरडून आले. दुकानदारांनी त्यांच्याविरुद्ध कचेरीवर मोर्चा आणला, त्यात त्यांच्या नावानं बोंब मारली. साहेब गॅलरीतून बघत होते. त्यांना एकच काळजी, मोर्चानं सबंध रस्ता का धरला. अखेर बोळ मोकळा झाला. दुकानदार त्यांचं तोंड बघेनात.

आणि दिवाळीच्या तोंडावर त्याच बोळातल्या एका दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर दुकानदाराचे म्हातारे आईवडील. आगीचा बंब सरळ दारापर्यंत गेला, शिडी लागली, दोघं सुखरूप खाली आले. बंबावरचा माणूस सगळ्यांना सांगत सुटला, "पूर्वीचा बोळ असता तर आमी कोपऱ्यावरनंच पाणी मारत बसलो असतो." मोर्चा काढणारे तेच लोक पेढे घेऊन आले. साहेबांनी पेढे पथकात वाटायला लावले, स्वतः घेतला नाही.

आयुक्तसाहेबांनी ठरवलं की वर्धापनदिनाला उत्कृष्ट सेवेचा सन्मान चौगुल्यांना द्यायचा. कचेरी हरखली. आजवर असा सन्मान पाणीपुरवठ्याला मिळायचा, आरोग्याला मिळायचा. ज्याच्या नावानं बोंब मारतात त्याला कोण देतो?

चौगुलेसाहेब मात्र पांढरेफटक पडले. "मला नगं," म्हणाले.

आम्हाला वाटलं, विनय. मग म्हणाले, दाढ दुखतेय. आयुक्तांनी दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, असे दात मी कॉलेजच्या पोरांचे पाहिले नाहीत. मग म्हणाले, त्या दिवशी नेसरीला चुलत्यांचं वर्षश्राद्ध आहे. त्यावर काही बोलता येईना. पण सत्काराची बातमी नेसरीला पोहोचली आणि आदल्या संध्याकाळी ते चुलते स्वतः, डोक्याला नवा पटका बांधून, एस.टी.नं कोल्हापुरात हजर झाले. "माज्या पुतण्याचा सत्कार हाय, म्या यायचं न्हाय व्हय?" साहेबांनी त्यांना गुपचूप आत घेतलं.

जितकं ते नको म्हणाले तितकं त्यांचं नाव झालं. "केवढा साधा माणूस!" जिन्यात, कँटीनमध्ये हेच. शेवटी ते माझ्या टेबलाशी आले. "देसाई, सन्मान घेतो. तेवढं फोटूचं बघा. पेपरात फोटू नगं."

"असं कसं? पत्रकार येणारच."

"मग मला मरूदे," म्हणून निघून गेले.

समारंभ थाटात झाला. साहेबांना फेटा बांधला तो त्यांनी हळूहळू भुवयांपर्यंत ओढला. गुच्छ मिळाला तो तोंडापुढं धरला. आयुक्त शाल घालायला लागले तेव्हा साहेब गुच्छाच्या फुलांतून बघत होते. फोटोग्राफर बिचारा डावीकडं गेला, उजवीकडं गेला, स्टूलवर चढला. गुच्छ त्याच्या मागं मागं फिरत होता.

एवढ्यात सभागृहाच्या मागच्या दारातून कुणीतरी ओरडलं, "साहेब, जरा भाईर या की!"

मी वळून पाहिलं. मागं सगळे गाडेवाले उभे. वडेवाला, भाजीवाल्या, फुगेवाला. कधी आले कुणास ठाऊक. मग सगळेच ओरडायला लागले, "जरा भाईर या! जरा भाईर या!" सभागृह हसून हसून लोळलं. आयुक्तांनी रुमालानं डोळे पुसले. साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी गुच्छ खाली घेतला, आणि फोटोग्राफरनं नेमका डाव साधला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. चांगला मोठा, फेट्याखालचा हसरा चेहरा, मिशीचा केस न् केस दिसावा असा. चुलत्यांनी पेपराच्या प्रती विकत घेऊन नेसरीला नेल्या. साहेबांनी फोटोकडं पाहिलं आणि दिवसभर कुणाला काही आत घ्यायला सांगितलं नाही.

पुढचे दोन आठवडे माणूस कोमेजलेला. सुमनवहिनी एका सकाळी आमच्याकडं आल्या. "भावजी, ह्यास्नी काय झालंय तेवढं इचारा की. दर रविवारी मलकापूरला जात्यात, दोस्ताकडं. सत्कार झाल्यापास्नं जाणं सोडलंय. घरात बसून माझे डबे आत घ्यायला लागल्यात."

मी त्यांना रंकाळ्यावर फिरायला नेलं. भेळेच्या गाड्यांची रांग लागली होती, चिंचेच्या पाण्याचा वास सुटला होता. साहेबांनी चालायचा वेग वाढवला.

"मलकापूरला भांडण झालं काय दोस्ताशी?" मी विचारलं.

"दोस्त कुठला?" ते कठड्यावर बसले. मग म्हणाले, "भेळ खायला जातोय."

"भेळ? रत्नागिरीच्या रस्त्यानं तेवढं लांब? आणि इथं कोल्हापुरात..."

"हितं कुठल्या गाड्यावर खाऊ?" ते एकदम माझ्याकडं वळले. "ज्याचा गाडा उचललाय त्याच्याकडं कुठल्या तोंडानं जाऊ? आणि ज्याचा उचलला न्हाय, त्यो पैसं घ्यायचा न्हाय. फुकट खाल्लं तर उद्या त्याला आत घे कसं म्हणू? आणि पैसं दिलं तरी नजर माझ्यावरच असती त्यांची, देसाई. भेळ कालवताना. म्या बघितलंय. गिऱ्हाईक म्हणून गेलतो, तर बाजूची माणसं पाट्या उचलून पळाली. भेळ म्हंजे माझा जीव की प्राण. ल्हानपणापास्नं."

मी त्यांच्याशेजारी कठड्यावर टेकलो.

"तिथं एक म्हातारा हाय. स्टँडाजवळ. मला बघितलं की म्हणतो, या पावणं, तिखट किती? बास. साहेब न्हाय, काय न्हाय. त्याच्या बाकड्यावर बसून खातो, गप्पा मारतो, पावसापाण्याच्या. आता फोटू आला. तिकडं बी पेपर जातो. म्या गेलो आणि त्यो उठून हुबा ऱ्हायला, नमस्कार साहेब म्हणाला, तर..."

"रविवारी आपण दोघं जाऊ," मी म्हणालो.

मलकापूरला एस.टी.तून उतरलो तेव्हा साहेब माझ्या मागं मागं चालत होते. गाडा एका झाडाखाली होता. मी नजरेनंच मापलं, रस्त्यापासून चांगला आत. म्हातारा चुरमुरे पाखडत होता. त्यानं वर पाहिलं.

"या पावणं! कुठं गेलता? दोन रविवार वाट बघितली की. तिखट किती?"

साहेबांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडं बघावं लागलं. "मागल्यापरीस जादा!" ते म्हणाले आणि बाकड्यावर ऐसपैस बसले. दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. म्हाताऱ्याच्या सुनेला मुलगा झाला होता. नाव काय ठेवावं यावर साहेबांनी बरीच मतं दिली.

खाऊन झाल्यावर साहेब हात धुवायला स्टँडाच्या नळावर गेले. म्हातारा हलक्या आवाजात मला म्हणाला, "फोटू बेस आलता साहेबांचा."

मी दचकलो. "म्हणजे तुम्हाला..."

"पयल्या दिवसापास्नं ठावं हाय. माझा गाडा कोल्हापुरातच हुता की. ह्यांनीच उचलला. आदल्या दिशी येऊन आरडून गेलतं, म्याच ऐकलं न्हाय." तो चिंचेच्या पाण्याची बरणी पुसत होता. "मग हितं गावाकडं आलो. बरं चाललंय."

"आणि त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही?"

"कशानं वळखतील? आरडताना नजर गाड्यावर, आणि गाडा उचलताना तर आमच्या तोंडाकडं बघतच नव्हतं. खाली मान घालून हुबं हुतं, माणसं गाडा चढवस्तवर. म्या मातूर त्यांच्याकडंच बघत हुतो. लई राग आलता." बरणी त्यानं जागेवर ठेवली. "पुढं येका रविवारी हितं येऊन हुबं ऱ्हायलं. भेळ मागितली, चोरावाणी. म्हटलं आता चार शब्द सुनवावं. पर पयला घास घेतला आणि पोरावाणी डोळं मिटलं बगा. मग काय बोलतोय? तुमीबी काय बोलू नगा. वळख दिली तर परत यायचं न्हाईत."

साहेब रुमालाला हात पुसत आले. म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "पावणं, आणि येक खाशीला? कैरी हाय कवळी."

"घाला की!"

परतीच्या एस.टी.त त्यांनी खिडकीची जागा घेतली. शाहूवाडीच्या पुढं वारं लागलं तसे ते मागं रेलले.

"बघितलंसा देसाई? हितं कोण सुदिक वळखत न्हाय मला."

"कोणसुद्धा नाही," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. ओठ पुसायचे राहिले होते, मिशीला चुरमुऱ्याचा एक कण लागलेला होता. बांबवडे येईपर्यंत त्यांना झोप लागली.