खुर्ची दाखवण्याची पद्धत

माणसं एकत्र जमली की तिथे प्रत्येकाचा सन्मान राखला जाणं अत्यंत आवश्यक असतं, आणि तो कितपत राखायचा हे खुर्च्या कोणाच्या आहेत यावरून ठरतं.

आमच्या वाचन मंडळाच्या खुर्च्या अध्यक्षांच्या आहेत. त्यांचं फर्निचरचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही दर पंधरवड्याला जमतो. सभासद आपण लिहिलेलं वाचून दाखवतात, बाकीचे ‘वा’ म्हणतात, मग चहा होतो. हॉल अध्यक्षांचा, पंखे अध्यक्षांचे, चहाही अध्यक्षांचाच. (बिस्किटं सभासदांची. ती बहुधा मऊ पडलेली असतात.) मी मंडळाचा कार्यवाह. त्यामुळे पुढची सगळी हकिगत अधिकृत समजावी.

अध्यक्षांचा स्वभाव मोकळा आहे. हे मीच नाही, सगळेच म्हणतात, आणि बहुतेक वेळा कोणी विचारलेलं नसताना म्हणतात. दुकानात गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून दाखवायची त्यांची सवय, ती जिना चढून वर आली. स्त्री सभासद दारात दिसली की ते स्वतः उठतात, तिच्या पाठीवर हात ठेवतात आणि तिला थेट खुर्चीपर्यंत नेतात. ती बसली तरी हात जरा वेळ तिथेच राहतो, खुर्ची डुगडुगत नाही ना याची खात्री होईपर्यंत. पुरुषांना आपापली खुर्ची शोधावी लागते. आमच्यात एक जिमवाला आहे, दारातून तिरका होऊन आत येतो. खुर्ची दाखवायची खरी गरज त्याला, पण अध्यक्षांचा मोकळा स्वभाव त्याच्या पाठीवर अजून एकदाही पडलेला नाही. योगायोग, दुसरं काय!

चौकातल्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण आमची सभासद होती. तिला सगळे चष्मेवाली म्हणत. दिवसभर गिऱ्हाइकांचे नंबर तपासून ही बाई असं काही लिहायची की ऐकताना हातातला चहा निवून जायचा. एक लांबलचक गोष्ट ती थोडी थोडी वाचत होती. एक माणूस तिच्या दुकानात येतो, भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचतो, आणि तरी म्हणतो, ‘मला काही दिसत नाही, चष्मा द्या.’ का म्हणतो, ते शेवटच्या भागात कळणार होतं. मी तर अगदी जीव टांगणीला लावून बसलो होतो.

एका बैठकीला अध्यक्ष तिला खुर्ची दाखवत असताना ती मागे सरली आणि म्हणाली, “हात काढा. खुर्ची दिसते मला.”

“दिसणारच हो!” अध्यक्ष म्हणाले. “पण तुमच्याकडे बघायला मात्र आम्हाला चष्मा लागत नाही!”

हॉल दणाणला. दातांच्या डॉक्टरांना तर ठसका लागला, त्यांना पाणी द्यावं लागलं. चष्मेवाली हसली नाही. तिने वाचायला घेतलं, पण अर्ध्या पानावरच कागद मिटले. मला फार वाईट वाटलं. गोष्ट अगदी रंगात आली होती.

दुसऱ्या दिवशी ती मला भेटली. “मला मंडळ सोडायचं नाहीये,” ती म्हणाली. “गोष्ट पूर्ण करायचीय, इथेच, या माणसांपुढे. त्यांनी फक्त हात लावू नये. एवढंच सांगा ना त्यांना.”

मागणी इतकी सोपी होती की समिती नेमल्यावाचून इलाजच नव्हता.

सन्मान समितीत अध्यक्ष (पदसिद्ध), दातांचे डॉक्टर आणि मी होतो. महिलांच्या प्रतिनिधी म्हणून अध्यक्षांच्या वहिनींना घेतलं. त्या परगावी होत्या, पण त्यांची हरकत नसणार असं अध्यक्षांनी सांगितलं. समितीने सर्व सभासदांची मतं घेतली. शंभर टक्के सभासदांना काहीही दिसलेलं नव्हतं. पैकी निम्म्यांनी तर ‘कशाबद्दल?’ हे विचारायच्या आधीच तसं सांगितलं. उरलेले म्हणाले की अध्यक्ष आम्हाला वडिलांसारखे आहेत. (जिमवाला अध्यक्षांहून वयाने मोठा आहे. तोही हेच म्हणाला.)

त्यावर समितीने नियम केले. तक्रार भर सभेत, सगळ्यांसमोर उभं राहून करावी, म्हणजे पारदर्शकता राहील. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने बसून राहावं, कारण खुर्ची त्याची आहे. तक्रार करण्यापूर्वी हा स्पर्श आहे की स्वभाव आहे, याचा तक्रारदाराने शांतपणे विचार करावा. आणि खुर्ची दाखवून घेणं ज्यांना मानवत नसेल त्यांनी बसायला घरून काहीतरी आणावं.

हा शेवटचा नियम माझा. मला अजूनही तो उत्तम तोडगा वाटतो.

पुढच्या बैठकीला चष्मेवाली खरंच दुकानातलं घडीचं स्टूल घेऊन जिना चढून आली आणि दाराजवळ बसली. अध्यक्ष उठले, तिच्यापर्यंत गेले आणि “बघू तरी, वजन पेलेल ना हे?” म्हणून स्टुलाची मजबुती तपासू लागले. स्टूल तपासायचं तर त्यावर बसलेलं माणूसही थोडंफार तपासलं जाणारच.

ती उभी राहिली. नियमाप्रमाणे, भर सभेत.

“हे मला हात लावतात. मला नको आहे. तुम्ही सगळे बघता.”

जिमवाला बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. (तो चपला घालून आला होता.) शेवटी कोणीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी बोललो. “बसा हो, बसा. गोष्ट वाचा. त्या माणसाचं पुढे काय झालं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग स्टूल मिटलं आणि ती जिना उतरून गेली.

समितीने त्याच बैठकीत तिची तक्रार ‘आसनव्यवस्थेविषयी सूचना’ म्हणून एकमताने स्वीकारली. बाहेरचं फर्निचर आणणं हा यजमानांचा अपमान असल्याने त्यावर बंदी घातली. दारावर ‘येथे सर्वांचा सन्मान राखला जातो’ अशी पाटी लागली, अध्यक्षांकडून भेट, अस्सल सागवानी. तेव्हापासून मंडळात एकही तक्रार आलेली नाही. स्त्री सभासदही आता फारशा येत नाहीत. घरच्या जबाबदाऱ्या असतात बायकांना.

माझीच बायको बघा ना. मंडळाला यायला तिला सवड नसते, पण चष्म्याचं दुकान बंद असतं त्या दिवशी दुपारी चष्मेवालीकडे मात्र न चुकता जाते. तिथे आणखी बऱ्याच बायका जमतात म्हणे, खुर्च्या कमी पडल्या तर खाली बसतात. परवा ती तिथून आली तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, “वाचला का गं तिने शेवट? त्या माणसाला खरंच दिसत नव्हतं का?”

“अहो, डोळे चांगले होते त्याचे,” ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. पुढे एक शब्द बोलेल तर शपथ. मी दोनदा विचारून पाहिलं.

आता तुम्ही म्हणाल, अरेरे, त्या बाईच्या बाजूने एक जण तरी उठायला हवा होता. तुमची भावना मी अध्यक्षांच्या कानावर घालतो. फक्त एक विचारायचं राहिलं. मघाशी अध्यक्षांनी चष्म्यावरून विनोद केला, तेव्हा तुम्हाला हसू आलं ना? येणारच. आम्हीही तिथेच हसलो होतो. या की एकदा मंडळात. खुर्ची तुमची तुम्हालाच शोधावी लागेल, पण आहे रिकामी.