शाणूमास्तरांची माटोळी

पार्सेच्या शाणूमास्तरांना ‘कसे आहात’ विचारायची सोय नाही. आपण तोंड उघडायच्या आत तेच विचारतात, “खंयच्या टप्प्यार पोचलंस? फुगतंस काय आकसतंस?”

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यापासून त्यांनी अख्खा गाव ताऱ्यांच्या म्हातारपणात बसवलाय. त्यांच्या मते म्हातारा तारा आधी फुगतो, मग अंगावरचे वायू सोडून देतो आणि मध्ये उघडा गाभा उरतो. तो जितका आकसतो तितका तापतो आणि सुटून गेलेल्या वायूंना उजळवतो. जळण संपलं की मात्र निवत जातो. सरपंच निवडून आला तेव्हा मास्तर म्हणाले, “फुगलो. आता सालां सुटतली.” माझ्या पोटात तर ते चारचौघांत बोट खुपसतात आणि “तुका अजून वेळ आसा” म्हणतात. राग येतो, पण मास्तर पडले.

यंदाच्या चवथीला हे खूळ थेट देवाच्या डोक्यावर गेलं. गणपतीच्या वर लाकडी चौकटीला फळं, सुपाऱ्या, नारळ टांगतात ती माटोळी. मास्तरांनी सगळी फळं गोल कड्यात बांधली आणि मधल्या मोकळ्या जागेत टांगली एकच सुपारी. मदतीला आलेली माझी बायको हादरली. “मदी नारळ नाय? देव काय म्हणात?” तिने नारळ बांधला, मास्तरांनी सोडला. तिने पुन्हा बांधला. आरतीपर्यंत नारळाला बिचाऱ्याला दम लागला.

माटोळी स्पर्धेचे परीक्षक आले. “मास्तर, मदी कायच दिसना नाय?”

“दिसाचो नाय,” मास्तर खुशीत म्हणाले. “गाभो इतको तापलेलो आसता, तेचो उजेड माणसाच्या डोळ्यांका दिसना नाय. भायलो वायू चमकता तो तेच्याच जिवार.”

परीक्षकांनी ‘नारळ नाही’ एवढंच टिपून घेतलं आणि पुढच्या घरी गेले.

मास्तरांना बक्षिसाचं काही नव्हतं. बायको गेल्यापासून घरात ते एकटेच. मुलगा लंडनला. दर चवथीला तो यायचा, स्टुलावर चढून माटोळी बांधायचा. यंदा त्याला रजा मिळाली नाही, म्हणून स्टुलावर मास्तर आणि खालून फळं देत शिव्या खायला मी. “फोनार बघल्याबरोबर वळखतलो,” ते सारखे म्हणत होते. “ल्हान आसताना मांडयेर बसवन तारे शिकयलंय तेका.”

दुपारी फोन आला. मी तो माटोळीसमोर धरला.

“बाबा, फळांचं कडं काय सुंदर केलंय,” मुलगा म्हणाला. “पण मध्ये असं रिकामं का?”

आता तासाभराचं व्याख्यान, म्हणून मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

“सुपारी आसा रे थंय,” मास्तर म्हणाले. “बारीक आसा. फोनात दिसाची नाय. तू कायतरी खाल्लंस मां?”

फोन बंद झाला. मला फार वाईट वाटलं. मग मास्तर स्वतःच स्टुलावर चढले आणि माझ्या बायकोला म्हणाले, “बाय, तो नारळ हाड. सांजेक तो परत फोन करतलो. मदी कायतरी दिसाक व्हया तेका.”