पुस्तकाबाहेरची पहिली खेळी

"हे बंद पडलंय का हो?" बायकोने तिसऱ्यांदा विचारलं.

"विचार करतंय," मास्तर म्हणाले आणि खुर्चीत पुन्हा एकदा चुळबुळले.

शाळेचं वेळापत्रक बावीस वर्षं मास्तरच लावत आले होते. अशा माणसाने बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिला म्हटल्यावर निदान वेळेच्या बाबतीत तो चोख असणार, असं सगळ्या स्टाफरूमने धरून ठेवलं होतं. आज क्लबच्या हॉलमध्ये त्याची गाठ चौकातल्या केमिस्टच्या प्रोग्रामशी होती. दोघांना एकेक तास. ज्याचा तास आधी संपेल तो हरला. मालकांनी मध्ये बोट लावायचं नाही, स्क्रीनवर येईल ती खेळी पटावर मांडायची, बस्स.

पैज मात्र घरातली होती. जिंकले तर मास्तरांचा संगणक जेवणाच्या टेबलावर राहणार. हरले तर तिथे बायकोचं शिलाई मशीन येणार, जे वर्षभर पलंगाखाली धूळ खात पडलं होतं.

सुरुवात झकास झाली होती. पुस्तकातल्या, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या, अकरा खेळ्या प्रोग्रामने फटाफट मारल्या. मग केमिस्टच्या प्रोग्रामने पुस्तकात नसलेलं एक प्यादं ढकललं. त्यासाठी मास्तरांनी खास नियम लिहिला होता: पुस्तकाबाहेरच्या पहिल्या खेळीला सावकाश विचार करायचा, अठरा मिनिटं. तोच आता चालला होता.

अखेर घोडा हलला, केमिस्टचा उंट आला आणि डाव आडवाटेने फिरून पुन्हा पुस्तकातच पोचला. दोन खेळ्या झटपट झाल्या. मग पुन्हा नवं प्यादं.

"आता परत तेवढाच वेळ?"

"छे! पहिली खेळी मघाशीच झाली ना."

पण पुस्तकात जाऊन आलेल्या प्रोग्रामच्या लेखी ही पुन्हा पहिलीच होती. अठरा मिनिटं गेली. मास्तरांचा हात माउसकडे सरकला, पंच खाकरले, हात निमूटपणे खिशात गेला. थोड्या वेळाने डाव पुन्हा पुस्तकात जाऊन बाहेर आला आणि तिसऱ्यांदा तीच अठरा मिनिटं.

"एका तासात अठरा मिनिटं किती वेळा बसतात हो?" बायकोने गोड आवाजात विचारलं. "नाही, वेळापत्रक तुम्हीच लावता म्हणून विचारलं."

पुढच्या चार खेळ्यांनी उरलीसुरली मिनिटंही खाल्ली. चाळीस सेकंद राहिले आणि मास्तरांचा दुसरा नियम जागा झाला: वेळ संपत आला की दिसेल ती खेळी मारायची. प्रोग्राम सुटलाच. त्याने हत्ती दिला, वजीर फुकट दिला, सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"अरे घे ना तो वजीर!" केमिस्ट आपल्याच स्क्रीनवर खेकसला.

त्याच्या घड्याळात पंचवीस मिनिटं होती, पण प्रोग्राम एकेका खेळीला चार-चार मिनिटं घेत होता. "मीच शिकवलंय त्याला," केमिस्ट घाम पुसत म्हणाला. "समोरचा झटकन खेळला की समजायचं, तो पाठ करून आलाय, जपून राहायचं. त्याला वाटतंय, वजीर देण्यात काहीतरी डाव आहे!"

सातव्या खेळीला केमिस्टचा तास संपला. मास्तर तीन सेकंद राखून जिंकले.

घरी पोचेपर्यंत त्यांनी टेबलाच्या भांडणाची सगळी उत्तरं घोकून ठेवली होती. खिडकीचा उजेड, जवळचा प्लग, मशीनची खडखड. एकेका मुद्द्याला झटपट उत्तर तयार होतं.

"टेबल तुमचं," बायको म्हणाली. "कबूल म्हणजे कबूल. फक्त मशीन कुठे ठेवू, ते तुम्हीच सांगा."

हे घोकलेल्यात नव्हतं. मास्तर सोफ्यावर बसले. गॅलरीत ऊन, आतल्या खोलीत अंधार, स्वयंपाकघरात जागाच नाही. बरं, ही इतक्या सहज कबूल कशी झाली? यात नक्की काहीतरी असणार.

खडखड ऐकून त्यांनी मान वर केली. संगणक पलंगावर होता आणि टेबलावर मशीनखालून अर्धा पडदा सरकत होता.

"अगं, हे काय? मी विचार करत होतो!"

"हो का?" बायको पेडलवरचा पाय न उचलता म्हणाली. "मला वाटलं, बंद पडलात."