आरशातल्या शालनताई

शालनताई माणसाकडे बघून बोलत नसत. त्या आरशात बघून बोलत.

मंगळवार पेठेत आमच्या शेजारी, घराच्या पुढच्या खोलीत, त्यांचं ब्युटी पार्लर होतं. दोन खुर्च्या आणि भिंतभर आरसा. दिवसभर गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून आरशातल्या चेहऱ्याशी बोलायची सवय. ती पार्लरला कुलूप लावल्यावरही सुटत नसे. रस्त्यात भेटल्या की माझ्या स्कूटरच्या आरशात वाकून विचारत, "काय ओ सर, आज लायब्ररी लवकर सुटली?" मग मलाही स्कूटरकडे बघूनच उत्तर द्यावं लागे. एका लग्नाच्या पंगतीत त्या पाण्याच्या स्टीलच्या जगकडे बघून शेजारणीशी बोलत होत्या. त्यात तिचा चेहरा लांबट दिसला, तर म्हणाल्या, "किती वाळलीस गं." शेजारीण आठवडाभर खुशीत होती.

माझी बायको सुधा त्यांची जिवाभावाची मैत्रीण. तिनं एकदा त्यांना या सवयीबद्दल छेडलं. शालनताई म्हणाल्या, "समोरासमोर बघितलं की भांडायला उभारल्यागत वाटतंय. आरशात दोघी एकाच अंगाला असतोय की."

एवढ्यावर सुधानं नाटक लिहिलं. नवरात्रात गल्लीतल्या बायकांचा कार्यक्रम असे, त्यासाठी. गोष्ट साधी. अबोला धरलेली मैत्रीण लेकीच्या लग्नासाठी नाइलाजानं पार्लरात येते, आणि अंबाडा घालून होईपर्यंत दोघींचं जुळतं. पार्लरवाली शालनताई, गिऱ्हाईक सुधा. प्रॉम्प्टर मी. गल्लीत वाचता येणारे पुष्कळ होते, पण गप्प बसता येणारा मी एकटाच, असं शालनताईंचं मत.

तालमी पार्लरमध्येच झाल्या, झकास झाल्या. पण स्टेजवर खरा आरसा ठेवला तर दिव्यांचा झोत लोकांच्या डोळ्यांवर जाणार. म्हणून नुसती लाकडी चौकट उभी केली, पलीकडे प्रेक्षक. पडदा उघडला. शालनताईंनी कंगवा उचलला, चौकटीत बघितलं, आणि गप्प. मी विंगेतून वाक्य दिलं. पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा दिल्यावर त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकू आलं ओ सर. पण बोलू कुणासंगं? ह्यात सुधा न्हाय की."

हॉल हसून लोटपोट. सुधानं मान वळवली नाही. गिऱ्हाइकाच्याच ठसक्यात म्हणाली, "मी हाय की हितंच. तू बोल."

पुढं नाटक जे सुटलं ते सुटलं. लोकांना वाटलं, ती वाक्यं मुळातलीच आहेत. घरी येऊन मी ती लाल शाईनं नाटकाच्या वहीत लिहून ठेवली.

पुढच्या नवरात्रात तेच नाटक पुन्हा करायचं ठरलं होतं. श्रावणात सुधा गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त.

बायका म्हणाल्या, यंदा नको. शालनताई आमच्याकडे आल्या, सुधाच्या कपाटाच्या आरशापुढे उभ्या राहिल्या आणि त्यातल्या माझ्याशी बोलल्या. नाटक करायचं. खुर्चीत दुसरी कुणी बसणार नाही. सुधाची वाक्यं मी विंगेतून म्हणायची. मी म्हटलं, मला कुजबुजण्यापलीकडे काही येत नाही.

"पण पाठ हायत न्हवं?" एवढंच विचारून त्या गेल्या.

प्रयोगात शालनताई रिकाम्या खुर्चीमागे उभ्या राहून हवेतच केस विंचरत होत्या, हवेतच आकडे खोचत होत्या. बाईच्या वाक्यांना पुरुषाचा आवाज, म्हणून लोक आधी खुसखुसले. मग शांत झाले. वहीत लाल शाई आली.

शालनताई चौकटीत बघून म्हणाल्या, "बोलू कुणासंगं? ह्यात सुधा न्हाय की."

पुढचं वाक्य माझं होतं. अक्षरं समोर होती. आवाज फुटेना.

शालनताईंनी कंगवा खाली ठेवला. चौकटीवरची नजर काढून मान वळवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. मी त्यांना वाक्यं द्यायचो तितक्याच हळू आवाजात त्या म्हणाल्या, "म्हणा सावकाश, सर. घाई न्हाय."

मी ते वाक्य म्हणेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.